राजीनाम्यावर सही करायला सांगत आहेत. कायद्याने काय हक्क आहेत?

चिंचवडची_लेक | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे कामगार कायद्यातले बरेच जाणकार आहेत, म्हणून विचारते. थोडं घाईचं आहे.

माझा मोठा भाऊ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. ११ वर्षं ७ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. पदाचं नाव ‘सिनियर एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी’. काम मात्र लाइनवर उभं राहून गेज आणि व्हर्नियर लावून पार्ट तपासायचे आणि रिजेक्शन रजिस्टरला चढवायचं. हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही.

आता त्यांची एक लाइन बंद झाली. काल एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापील राजीनामा तयार होता: ‘मी वैयक्तिक कारणांमुळे स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ फक्त नाव आणि तारखेची जागा रिकामी. सही केली तर दोन महिन्यांचा पगार जास्तीचा देऊ. नाही केली तर टर्मिनेट करू, एक्सपिरियन्स लेटर मिळणार नाही, आणि पुढच्या कंपनीचा फोन आला की काय सांगायचं ते आम्ही ठरवू, असं तोंडी सांगितलं. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. दोघांनी सह्या करून टाकल्या.

दादा काल रात्रभर झोपलेला नाही. त्याने सही करावी का? राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी जाते का? आणि एचआर म्हणतो तू एक्झिक्युटिव्ह आहेस, तुला कामगार कायदा लागूच नाही, हे खरं आहे का?

गुरुवारची_सुट्टी | मंगळवार, रात्री ९:५२

सही करू नका. बाकीचं नंतर बोलू.

सांगलीचा_बाळू | मंगळवार, रात्री १०:०५

+१. आणि त्या केबिनमध्ये पेन घेऊन जाऊच नका म्हणावं दादाला.

तारीखवाला | मंगळवार, रात्री ११:१०

ताई, मी वकील नाही. युनियनच्या कामासाठी कामगार न्यायालयात बरीच वर्षं ये-जा आहे, त्यावरून सांगतो.

आधी ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ती मिळतेच, ती कंपनीची मेहेरबानी नाही. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे दादाची १२ वर्षं. ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याज. म्हणून ‘सही केलीस तर ग्रॅच्युइटी देतो’ असं कोणी म्हणालं तर तुमचेच पैसे तुम्हाला दाखवून सौदा चाललाय हे ओळखा.

आता खरी मेख. लाइन बंद झाली म्हणून माणूस कमी करणं याला कायद्यात छाटणी म्हणतात. छाटणी करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदली पगार, आणि वर नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. इथेही सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. शिवाय त्या कामातला जो सगळ्यात शेवटी लागला तो आधी जातो. वेगळं केलं तर मालकाने कारण नोंदवायला हवं. १२ वर्षांचे १५-१५ दिवस म्हणजे झाले सहा महिने. वर नोटिशीचा एक. सात महिन्यांचा पगार, ग्रॅच्युइटी सोडून.

कंपनी देतेय दोन.

त्या छापील कागदावर ‘स्वेच्छेने’ हा शब्द एवढ्यासाठीच आहे. सही झाली की ती छाटणी राहत नाही, राजीनामा होतो, आणि भरपाईचा विषयच संपतो. नंतर ‘दबाव होता’ हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि बंद केबिनमधला दबाव सिद्ध करणं फार अवघड जातं.

पदाच्या नावाबद्दल: सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय की हुद्दा काय छापलाय ते बघायचं नाही, मुख्य काम काय करतो ते बघायचं. हाताने, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगारच. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, आणि देखरेख करणारे ठरावीक पगाराच्या वर असतील तर बाहेर. व्हर्नियर लावून पार्ट तपासणारा माणूस मॅनेजर कसा होईल? दादाने त्याच्या रोजच्या रिपोर्टच्या प्रती, सही असलेले इन्स्पेक्शन शीट जपून ठेवावेत. कंपनीचे ड्रॉइंग वगैरे मात्र घरी आणू नयेत, त्यावरून उलटा आरोप होतो.

चिंचवडची_लेक | मंगळवार, रात्री ११:२४

सात महिने?! आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी आत्ता दादाला उठवून वाचायला देतेय.

कागद_जपा | बुधवार, सकाळी ७:१५

तारीखवाला यांचं सगळं बरोबर. मी एचआरमध्येच काम करते (दुसऱ्या शहरात, दुसऱ्या क्षेत्रात), त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने कसा विचार होतो ते सांगते. जो काहीच लेखी देत नाही, त्याच्यावर सगळ्यात जास्त दाब टाकला जातो. एक साधा ईमेल गेला की बोलण्याचा सूर बदलतो, कारण मग विषय वरच्या साहेबांकडे आणि कंपनीच्या वकिलाकडे जातो.

दादाला आजच हे पाठवायला सांगा. स्वतःच्या ईमेलला प्रत ठेवायची. कंपनीचा ईमेल आयडी केव्हाही बंद होतो, म्हणून खाजगी आयडीवरून पाठवलेलं बरं.

‘महोदय, सोमवारी दुपारी मला एचआर केबिनमध्ये बोलावून छापील राजीनाम्यावर सही करण्यास सांगण्यात आले. सही न केल्यास सेवा समाप्त करू व अनुभव प्रमाणपत्र देणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. मला राजीनामा द्यायचा नाही. मी कामावर येण्यास तयार आहे व येत राहीन. माझ्या सेवेबाबत कंपनीचा काही निर्णय असल्यास तो मला लेखी कळवावा. कळावे.’

एवढंच. राग नाही, धमकी नाही, कायद्याची कलमं नाहीत. केबिनमध्ये कोण होतं त्यांची नावं आणि वेळ लिहा. पुढे कधी विषय निघाला तर त्या आठवड्यातला हा कागद सगळ्यात मोलाचा ठरतो.

आणि आज रात्रीच पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, वेतनवाढीची पत्रं, फॉर्म १६, पीएफचं पासबुक डाउनलोड करून घ्या. पोर्टलचा पासवर्ड गेला की बारा वर्षांच्या स्लिपा मागत फिरावं लागतं.

भोसरीचा_शेडवाला | बुधवार, सकाळी ९:३०

दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. माझं छोटं वर्कशॉप आहे. सगळे मालक लुटारू नसतात. ऑर्डर गेली की बँकेचा हप्ता थांबत नाही. आणि मुलंही दिवाळीचा बोनस घेऊन तिसऱ्या दिवशी फोन बंद करून गायब होतात, तेव्हा महिन्याची नोटीस कोणाला आठवत नाही.

चिंचवडच्या ताई, प्रामाणिकपणे सांगतो: कोर्टात गेलात तर वर्षानुवर्षं जातील. तोवर घर कसं चालणार? दोन महिन्यांचे तीन-चार करून घ्या, चांगलं प्रमाणपत्र घ्या आणि पुढची नोकरी बघा.

तारीखवाला | बुधवार, सकाळी १०:०२

शेडवाले, तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. कोर्टात वेळ लागतो हे खरंच आहे, आणि तडजोड वाईट नसते. मी स्वतः लोकांना तडजोडीच करायला सांगतो. पण ती कुठून सुरू करायची? कायद्याने सात मिळतात हे माहीत असलेला माणूस सातवरून बोलतो. माहीत नसलेला दोनवरून. ऑर्डर गेली हा धंद्याचा धोका आहे, मान्य; म्हणूनच कायद्याने छाटणीला बंदी नाही घातली, फक्त किंमत ठरवून दिली. ती कामगाराच्या खिशातून काढू नका एवढंच.

भोसरीचा_शेडवाला | बुधवार, सकाळी १०:१५

हे मात्र बरोबर. मी माझ्याकडच्या एकाला कमी केलं तेव्हा सल्लागाराने हिशोब करून दिला होता आणि पूर्ण दिला. नंतर त्यानेच मला दुसरा माणूस आणून दिला.

वाकडचा_आयटीवाला | बुधवार, दुपारी १२:४०

थोडं अवांतर. आमच्याकडे बाँडचा प्रकार चालतो. दोन वर्षांच्या आत सोडलं तर दीड लाख भरा, आणि सहा महिने स्पर्धक कंपनीत जाऊ नका. भरती होताना सही केलीच. हे चालतं का?

कागद_जपा | बुधवार, दुपारी १:०५

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जायचंच नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सहसा टिकत नाही. पोट भरायचा मार्ग बंद करणारा करार निरर्थक, असं ते कलम सांगतं. कंपनीची गुपितं मात्र नेता येत नाहीत.

नोकरीत असतानाचा बाँड वेगळा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. त्यामुळे ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान सोडून द्या. तिथे भरतीच्या खर्चाचा आणि सरकारी बँकेच्या परिस्थितीचा विचार झाला होता. प्रत्येक कंपनीचा कोणताही आकडा आपोआप चालेल असं मात्र नाही. रक्कम वाजवी आहे का, खरंच प्रशिक्षणावर खर्च केला का, हे बघितलं जातं.

आणि मूळ मार्कलिस्ट किंवा पदवी कोणाकडेही गहाण ठेवू नका. बघायला द्या, झेरॉक्स द्या, मूळ घरी आणा.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, दुपारी २:२०

हे सगळं कायम नोकरीवाल्यांचं झालं. आमच्या बुटीबोरीत अर्धे पोरं ठेकेदाराकडून हायेत. पगार ठेकेदार देते, पीएफ कापते आन् भरतच नाही. माझ्या चुलतभावाच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसे, पासबुकात मात्र आठ महिने शून्य. ठेकेदार म्हणे कंपनीला विचार, कंपनी म्हणे ठेकेदाराला विचार.

पीएफचा_पाढा | बुधवार, दुपारी ३:३५

ठेचादादा, यात कायदा अगदी स्पष्ट आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली तर मूळ कंपनीला ती द्यावी लागते; ती नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घेते. पीएफचंही तसंच, जबाबदारी मूळ कंपनीपर्यंत पोचते. ‘तो आमचा माणूस नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

भावाला सांगा, उमंग अ‍ॅपवर पासबुक काढ आणि पगाराच्या स्लिपांसोबत पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाक. तक्रारीत मूळ कंपनीचं नाव आणि ठेकेदाराचा कोड दोन्ही लिहायचे. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, नुसती थकबाकी नव्हे. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात पीएफवाल्यांचं शिबिर असतं, तिथे समोर बसून बोलता येतं.

सगळ्यांनीच एक बघून ठेवा: मालकाचे १२ टक्के पूर्ण तुमच्या पीएफ खात्यात येत नाहीत. त्यातले ८.३३ टक्के, १५,००० च्या मर्यादेत म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात. पासबुकात वेगळा रकाना असतो. ‘मालकाचा हिस्सा कमी का’ म्हणून दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. आणि पेन्शनसाठी १० वर्षं सेवा लागते, म्हणून नोकरी बदलताना पैसे काढून घेऊ नका, खातं पुढे न्या.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, दुपारी ३:५०

लई मोठं काम केलं भाऊ. आजच टाकायला लावतो.

सांगलीचा_बाळू | बुधवार, संध्याकाळी ६:१०

जुने कामगार कायदे एकत्र करून नवीन चार श्रम संहिता आल्या ना, त्यात सगळे जुने हक्क गेले म्हणतात. मग वरचं सगळं जुनं झालं का?

तारीखवाला | बुधवार, संध्याकाळी ७:००

गेले नाहीत, काही घट्ट झाले आणि काही सैल झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. सैल काय झालं: ३०० च्या खाली कामगार असलेल्या कारखान्याला छाटणीसाठी किंवा टाळं लावण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. पूर्वी केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता. मला हा बदल अजिबात पटलेला नाही. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कुठेही बघा, बहुतेक सुटे भाग बनवणारे कारखाने ३०० च्या खालीच असतात. पण परवानगी नको म्हणजे भरपाई नको असं नाही. नोटीस आणि दर वर्षाचे १५ दिवस तसेच आहेत. उलट छाटणी झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या) भरायचा, आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा, अशी नवी तरतूद आहे.

घट्ट काय झालं: नेमणूकपत्र प्रत्येकाला बंधनकारक. नोकरी कशीही संपो, राजीनामा, बडतर्फी की छाटणी, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्षावर ग्रॅच्युइटी.

आणि पगाराच्या व्याख्येचा बदल फार महत्त्वाचा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. समजा ४०,००० मोबदला आणि मूळ पगार फक्त १४,००० दाखवलाय. पूर्वी ग्रॅच्युइटी १४,००० वर म्हणजे वर्षाला ८,०७७ रुपये. आता किमान २०,००० वर, म्हणजे ११,५३८. मूळ पगार बारीक ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती इथे अडते.

नियम राज्याराज्यांचे असतात आणि मधल्या काळात जुने नियम चालू ठेवलेत, त्यामुळे फॉर्मचा नंबर कोणता हे कार्यालयात विचारूनच भरा.

काणकोणचो_रांपणकार | बुधवार, रात्री ८:४५

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हॉटेलांत ऑक्टोबर ते मे नोकरी आणि पावसात घरी. पुन्हा ऑक्टोबरला नवं पत्र. दहा-दहा सीझन केलेली माणसं आहेत आणि कागदोपत्री प्रत्येक वर्षी नवी. त्यांना ग्रॅच्युइटी कशी?

तारीखवाला | बुधवार, रात्री ९:२०

आस्थापना खरोखर हंगामी असेल तर दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाने ग्रॅच्युइटी धरतात, आणि जेवढे दिवस ती चालू होती त्याच्या ७५ टक्के दिवस काम हवं. पण हॉटेल बाराही महिने उघडं आणि पावसात फक्त यांनाच घरी बसवलं, तर हंगामी म्हणणं पटणारं नाही. दहाही सीझनची पत्रं एकत्र लावून पणजीच्या कामगार आयुक्तालयात दाखवा. तात्पुरतं म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं, तेही कायमपणाचे हक्क टाळण्यासाठी, ही अनुचित कामगार प्रथा आहे.

गुरुवारची_सुट्टी | बुधवार, रात्री ९:५५

सीझन तरी बरा. आमच्या एमआयडीसीत रविवारच गुरुवारी येतो. लग्नाची पत्रिका आली की आधी वार बघायचा, मग मुहूर्त.

जुनी_गिरणगावकर | बुधवार, रात्री १०:३०

रविवारवरून आठवलं म्हणून सांगते, कारण हे नव्या मुलांना माहीत नसतं. ती सुट्टी कोणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली एका दिवसासाठी.

पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेबांकडे मजूर खातं होतं. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. माझे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या हातात ना पगार आला ना हिशोब. हजेरीचं कार्ड तेवढं त्यांनी ट्रंकेत ठेवलं होतं, आणि पुढे वारस म्हणून अर्ज करताना तेच कामाला आलं. म्हणून ‘कागद_जपा’ताईंचं नावच मला आवडलं.

नव्याने_आई | गुरुवार, सकाळी ११:१५

धागा वाचतेय, एक प्रश्न विचारते. मी पाचव्या महिन्यात आहे. साहेब म्हणतात, ‘बाळंतपणानंतर परत ये, आत्ता राजीनामा दे, तुझी जागा ठेवतो.’ अगदी गोड बोलतात. ऑफिसात तीसेक जण आहोत.

कागद_जपा | गुरुवार, सकाळी ११:३२

नाही. अजिबात नाही. गोड बोलणं असो की दरडावणं, राजीनामा तो राजीनामाच.

गेल्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे भरपगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ. आज राजीनामा दिलात तर हे सगळं हातचं जातं आणि ‘जागा ठेवतो’ याला काडीचा आधार नाही. रजेचा अर्ज लेखी द्या, डॉक्टरांचं पत्र आणि अंदाजे तारीख जोडा, पोच घ्या. आणि तब्येतीला जपा गं.

नव्याने_आई | गुरुवार, सकाळी ११:५०

रडू आलं वाचून. आजच अर्ज लिहिते. आणखी एक, याच साहेबांचं बोलणं एरवीही नको तसं असतं. आमच्याकडे समिती वगैरे काही नाही.

कागद_जपा | गुरुवार, दुपारी १२:०८

दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. नसेल तर तोच मालकाचा दंडनीय दोष. समिती नसेल किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. तारीख, वेळ, शब्द, कोण होतं, हे आजपासून वहीत लिहायला लागा. मला निरोप करा, अर्ज लिहायला मदत करते.

दुबईकर_मालवणी | गुरुवार, दुपारी १:२५

इथेही लोक कागद न वाचता सही करतात. अमिरातीत एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी लागू होते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे, तरी लेबर कॅम्पांत चालतं. गावाकडून नव्याने येणाऱ्यांनी एजंटाने दाखवलेला पगार आणि मंत्रालयात नोंदवलेल्या करारातला पगार एकच आहे का ते विमानात बसायच्या आधी बघावं.

चिंचवडची_लेक | शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

सांगायला आले. दादाने बुधवारी रात्री तो ईमेल पाठवला. आज सकाळी गेटवर अडवलं. सिक्युरिटी म्हणाला, ‘तुमचं नाव यादीत नाही.’ लेखी काही देईनात. दादा अर्धा तास उभा राहून घरी आला. आता?

तारीखवाला | शुक्रवार, संध्याकाळी ७:४८

याला गेटबंदी म्हणतात आणि यात एकच धोका आहे: पुढे कंपनी म्हणते की माणूस स्वतःच यायचा बंद झाला. म्हणून आजच ईमेल: ‘आज सकाळी अमुक वाजता कामावर हजर झालो, गेट नं. अमुकवर अडवण्यात आले, मी कामास तयार आहे.’ उद्या पुन्हा शिफ्टला गेटवर जायचं, गेटवरचा फोटो काढायचा, पुन्हा ईमेल. सोमवारी तेच पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह.

सोबत शिवाजीनगरच्या कामगार आयुक्तालयात अर्ज. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. अनुचित प्रथेची तक्रार राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली करायची तर घटनेपासून ९० दिवसांच्या आत, ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. वकिलाच्या फीची चिंता नको: औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो, १९८७ च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

प्रमाणपत्राच्या धमकीलाही घाबरू नका. कायम कामगाराला काढलं तरी सेवेचं प्रमाणपत्र मिळायचा हक्क आहे.

भोसरीचा_शेडवाला | शुक्रवार, रात्री ८:१५

गेटवर अडवणं मलाही आवडलं नाही. बारा वर्षं दिलेल्या माणसाला असं वागवतात का! ताई, दादाला तपासणीच्या कामाची गरज लागली तर माझ्या ओळखीत दोन-तीन शेड आहेत. तोवर घर चालेल एवढं बघू.

चिंचवडची_लेक | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:००

उशीर झाला कळवायला, माफ करा. आयुक्तालयातून कंपनीला पत्र गेलं. पहिल्या तारखेला त्यांचा माणूस आलाच नाही, दुसऱ्या तारखेला वकील आला. आता त्यांनी तडजोडीचा मसुदा दिलाय. राजीनामा शब्द काढलाय. दादाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२००, एकूण पगार २८,०००. मसुद्यात असं आहे: नोटिशीचे २८,०००, भरपाई १,५४,०००, ग्रॅच्युइटी १,१५,५००. शेवटी ‘यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.’ मंगळवारी सही करायची म्हणतात. ज्या दोघांनी आधी सह्या केल्या त्यांना ५६,००० आणि ग्रॅच्युइटी एवढंच मिळालं. हे नीट आहे का बघाल?

तारीखवाला | रविवार, सकाळी १०:४०

छान झालं, पण त्यांनी सगळीकडे ११ वर्षं धरलीत. ११ वर्षं ७ महिने म्हणजे १२. भरपाई १४,००० गुणिले १२, १,६८,०००. ग्रॅच्युइटी १८,२०० ची १५/२६ म्हणजे १०,५००, गुणिले १२, १,२६,०००. म्हणजे २४,५०० कमी लावलेत. शिल्लक रजेचा पगार, या वर्षाचा बोनस लागू असेल तर तो, आणि पुनर्कौशल्य निधीचे १५ दिवस, यांचा उल्लेखच नाही.

पीएफचा_पाढा | रविवार, सकाळी ११:०५

आणि पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय भरतात ते मसुद्यातच लिहून घ्या. तिथे राजीनामा टाकला तर एवढं भांडून काय उपयोग!

कागद_जपा | रविवार, सकाळी ११:२०

‘कोणतीही मागणी राहणार नाही’ या ओळीच्या आधी ‘वरील रक्कम खात्यात जमा झाल्यावर’ एवढं घालायला लावा. सही समेट अधिकाऱ्यासमोरच, कंपनीच्या केबिनमध्ये नाही. शिक्का मारलेली प्रत त्याच दिवशी हातात.

चिंचवडची_लेक | रविवार, सकाळी ११:३५

तीनही गोष्टी लिहून घेतल्या. आधी सही केलेल्या त्या दोघांपैकी एकाची बायको मला विचारत होती, त्यांना आता काही करता येईल का?

तारीखवाला | रविवार, दुपारी १२:१०

अवघड आहे, पण लगेच हात टेकू नका. एकाच दिवशी, एकाच छापील मजकुरावर, एकाच लाइनच्या माणसांचे राजीनामे, आणि दादाचा त्याच आठवड्यातला ईमेल, हे सगळं मिळून काहीतरी सांगतं. ९० दिवस अजून संपलेले नाहीत. मंगळवारी दादासोबत त्यांनाही शिवाजीनगरला घेऊन या, राजीनाम्याची प्रत आणि पगाराच्या स्लिपा घेऊन. मी साडेदहाला तिथे आहे.